डांबरी रस्त्याचे शास्त्र कामगारापर्यंत

पावसाळ्यात आजारी माणसाला तालुक्याच्या रुग्णालयात वेळेवर नेता येणे, दूध व भाजीपाला नासण्यापूर्वी बाजारात पोहोचणे, मुलामुलींना माध्यमिक शाळेत रोज जाता येणे, या साऱ्या गोष्टी गावाच्या रस्त्यावर अवलंबून असतात. डांबरीकरण झालेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात उखडला, तर शासनाचा निधी वाया जातोच. पण त्याहून मोठी हानी म्हणजे गावाची अनेक वर्षांची प्रतीक्षा व्यर्थ ठरते.

रस्ता उखडला की निकृष्ट साहित्य किंवा देखरेखीतील हयगय यांकडे बोट दाखविले जाते. ही कारणे पुष्कळदा खरी असतात. परंतु आणखी एका कारणाची चर्चा क्वचितच होते. डांबरी थराचे आयुष्य ज्या थोड्या तासांत ठरते, त्या तासांत महत्त्वाचे निर्णय हॉट मिक्स प्लांटचा चालक, पेव्हरचालक, रोलरचालक, मुकादम आणि प्रयोगशाळा साहाय्यक घेत असतात. यांपैकी बहुतेकांनी आपले काम पाहून पाहून शिकलेले असते. त्या कामामागील शास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचविणे ही उत्तम रस्त्याची पहिली अट होय.

डांबर आणि त्याची प्रत

मराठीत ‘डांबर’ हा शब्द दोन वेगळ्या पदार्थांसाठी वापरला जातो. दगडी कोळशापासून मिळते ते एक आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरते ते दुसरे. आज रस्त्यांवर वापरले जाते ते हे दुसरे, म्हणजे बिटुमेन. ते थंडीत कडक, उन्हाळ्यात मऊ व तापविल्यावर प्रवाही होते. खडीचे कण एकत्र बांधून ठेवणे आणि पाण्याला अटकाव करणे ही त्याची दोन मुख्य कामे आहेत.

पूर्वी डांबराची प्रत ठरविण्यासाठी २५ अंश सेल्सियस तापमानाला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत किती खोल रुतते ते मोजत. २००६ मध्ये भारतीय मानकात बदल होऊन ही प्रत चिकटपणावरून, म्हणजे डांबर वाहण्यास किती विरोध करते त्यावरून, ठरविण्यात येऊ लागली. व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४० ही नावे त्या पद्धतीची आहेत. आकडा जितका मोठा, तितके डांबर अधिक घट्ट. हा चिकटपणा ६० अंशांना मोजला जातो. कारण कडक उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग या तापमानाच्या जवळ जातो आणि त्याच वेळी अवजड वाहनांच्या चाकांखाली चाकोऱ्या पडण्याचा धोका असतो.

मिश्रणाचे गणित

डांबरी मिश्रण म्हणजे ठरावीक आकारांची खडी, कच, बारीक भुकटी व डांबर यांचा मेळ होय. त्याचे प्रमाण ठरविण्यासाठी आपल्याकडे प्रचलित असलेली मार्शल पद्धत अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या महामार्ग विभागातील ब्रूस मार्शल यांनी १९३९ च्या सुमारास विकसित केली. वेगवेगळ्या प्रमाणात डांबर घालून मिश्रणाचे गोल ठोकळे तयार करतात, ठराविक वजनाने दोन्ही बाजूंनी ठोकतात आणि त्यांची भार सोसण्याची क्षमता, चेपण्याचे प्रमाण व त्यांतील हवेची पोकळी तपासतात. दाट प्रतीच्या मिश्रणात ही पोकळी आराखड्यानुसार ३ ते ५ टक्के असावी लागते. ती फार कमी असेल, तर उन्हाळ्यात डांबर वर येऊन रस्ता गुळगुळीत होतो. प्रत्यक्ष रस्त्यावर ती सुमारे ८ टक्क्यांहून अधिक राहिली, तर छिद्रे एकमेकांना जोडली जाऊन पाणी आत शिरते.

प्रमाणातील लहानसा फरक किती मोठा ठरतो, हे साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. ३.७५ मीटर रुंद व १ किलोमीटर लांब रस्त्यावर ३० मिलिमीटर जाडीचा दाट थर घालावयाचा आहे, असे समजू. त्याचे घनफळ ११२.५ घनमीटर होते. दाबलेल्या मिश्रणाचे वजन दर घनमीटरला सुमारे २.४ टन धरल्यास एकूण मिश्रण २७० टन लागते. त्यात ५ टक्के डांबर म्हणजे १३.५ टन. हे प्रमाण अवघ्या अर्ध्या टक्क्याने कमी झाले, तर त्या एका किलोमीटरात १.३५ टन डांबर कमी पडले. डोळ्यांना हा फरक सहज दिसत नाही. पावसाळ्याला मात्र तो लगेच कळतो. शाळेत टक्केवारी शिकविणाऱ्या शिक्षकांना याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल.

तापमान आणि वेळ

उत्तम प्रमाणात केलेले मिश्रणही चुकीच्या तापमानाने निकामी होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१३ च्या विनिर्देशांनुसार व्हीजी-३० डांबराचे मिश्रण १५० ते १६५ अंशांना तयार करावे लागते, पसरताना ते किमान १४० अंश असावे लागते आणि दाबण्याचे काम ते ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी संपवावे लागते. व्हीजी-४० साठी या मर्यादा आणखी वर आहेत. डांबर प्रमाणाबाहेर तापविले, तर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ते ठिसूळ बनते व थराला लवकर तडे जातात. मिश्रण थंड झाल्यावर त्यावर रोलर कितीही फिरविला, तरी पोकळी कमी होत नाही. उलट खडी फुटते.

म्हणूनच प्लांटपासून कामाच्या जागेचे अंतर, ट्रकवरील ताडपत्री, सुटलेला वारा आणि थराची जाडी या बाबी महत्त्वाच्या ठरतात. पातळ थर जाड थरापेक्षा फार लवकर निवतो. ग्रामीण रस्त्यांवरील थर बहुधा पातळच असतात. त्यामुळे गावच्या कामावरील रोलरचालकाला महामार्गावरील चालकापेक्षा कमी वेळ मिळतो, आणि म्हणून त्याला अधिक सावध राहावे लागते. रोलर कडेकडून मध्याकडे न्यावा, वळणावर खालच्या बाजूकडून वरच्या बाजूकडे न्यावा, वेग ताशी ५ किलोमीटरांपेक्षा अधिक नसावा, हे नियम वरवर किरकोळ वाटतात. पण प्रत्येकामागे कारण आहे आणि ते कारण समजलेला चालक कोणी पाहत नसतानाही नियम पाळतो.

अनुभव आणि शास्त्र

जुन्या जाणत्या कामगारांकडे निरीक्षणाची मोठी शिदोरी असते. ट्रकमधून निळसर धूर निघू लागला की मिश्रण जळल्याचे ते ओळखतात. वाफ दिसली की खडी ओली होती, ढीग पसरट होऊन चकाकू लागला की डांबर जास्त झाले, मिश्रण निस्तेज व कोरडे दिसले की डांबर कमी पडले, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. ही निरीक्षणे शास्त्रालाही मान्य आहेत.

तथापि, केवळ अनुभवाला मर्यादा असतात. डांबराची प्रत बदलली, त्यात बहुवारिक किंवा रबर मिसळले, तरी ते दिसते तसेच काळे. जुन्या डांबरावर हात बसलेल्या माणसाचा अंदाज नव्या डांबरावर चुकतो आणि मिश्रण कमी तापमानालाच दाबले जाते. ट्रकच्या हौद्याला मिश्रण चिकटू नये म्हणून डिझेल शिंपडण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. डिझेल डांबराला विरघळवून दुबळे करते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. दोन थर एकजीव व्हावेत म्हणून द्यावयाचा टॅक कोटही असाच दुर्लक्षिला जातो. धूळ न झाडता तो मारला, तर तो रस्त्याऐवजी धुळीला चिकटतो.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच ज्ञानाशी निगडित आहे. तापलेल्या डांबराच्या टाकीत थोडे जरी पाणी गेले, तरी त्याची क्षणात वाफ होते आणि डांबर फेसाळून बाहेर उसळते. अंगावर गरम डांबर पडल्यास तो भाग ताबडतोब थंड पाण्याखाली धरावा. चिकटलेले डांबर ओढून काढू नये व जखमीला लगेच रुग्णालयात न्यावे. हे दोन धडे प्रत्येक कामगाराला कामाच्या पहिल्या दिवशीच मिळाले पाहिजेत.

शिक्षणाच्या वाटा

कामावरील माणसाला शिकविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकामांवरील दुय्यम कर्मचाऱ्यांना शिक्षण देणारा वर्ग म्हणूनच. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीने देशातील रस्त्यांच्या शास्त्रीय विचाराला चालना दिली आणि तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ पासून कार्यरत आहे. महामार्ग अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी १९८३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था आज नोएडा येथे भारतीय महामार्ग अभियंता अकादमी या नावाने काम करते.

या संस्थांचा लाभ मुख्यतः अभियंत्यांना होतो. कामगार व पर्यवेक्षक यांच्यासाठीही काही मार्ग खुले आहेत. शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा १९६१ चा कायदा काम आणि शिक्षण यांची सांगड घालतो. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे १९८९ पासून नोकरी न सोडता शिकण्याची सोय झाली आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तर कामातून मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. वीस वर्षे रोलर चालविणाऱ्या माणसाला आपले ज्ञान कागदावर सिद्ध करण्याची संधी यामुळे मिळते.

अडचण आहे ती भाषेची आणि वेळेची. विनिर्देश, चाचणीचे तक्ते व यंत्रांच्या पुस्तिका बहुधा इंग्रजीत असतात. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी मराठी प्रतिशब्द पुरविले आहेत. परंतु कामाच्या जागी खडी, कच, मोरी, साइडपट्टी असे रुळलेले शब्द आहेत, त्यांतूनच समजावून सांगितलेले मनात रुजते. वेळेच्या अडचणीवर मात्र निसर्गानेच उत्तर दिले आहे. ओल्या पृष्ठभागावर व पावसात डांबरीकरण करता येत नाही. त्यामुळे आपल्या राज्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत ही कामे जवळजवळ थांबतात. हा काळ अभ्यासाचा हंगाम मानता येईल. मागील हंगामातील चाचण्यांच्या नोंदवह्या समोर ठेवून कोणता भाग टिकला, कोणता उखडला आणि का, याचा विचार त्याच रस्त्यावर उभे राहून करणे हा सर्वांत उत्तम पाठ ठरेल.

प्रत्येकाचे काम

अधिकाऱ्यांना यात बरेच करता येईल. प्लांटवरील माणसाला काही दिवस पेव्हरबरोबर आणि रोलरचालकाला काही दिवस प्रयोगशाळेत पाठविले, तर प्रत्येकाला आपल्या कामाचा पुढच्या कामावर होणारा परिणाम दिसेल. तापमान, डांबराचे प्रमाण व घनता यांच्या नोंदी केवळ तपासणीसाठी न ठेवता ज्याने काम केले त्याला त्या दिवशीच वाचून दाखवाव्यात. आपला थर किती दबला हे ज्याला कळते, तो दुसऱ्या दिवशी अधिक चांगला थर घालतो.

शिक्षकांना टक्केवारी, घनफळ, उष्णतेचे वहन हे विषय रस्त्याच्या कामावरून शिकविता येतील. रात्रीच्या वर्गात कामगारांना तक्ता वाचण्यास व नोंद लिहिण्यास साहाय्य करता येईल.

पंचायत सदस्यांनी अभियंता होण्याची आवश्यकता नाही. पण काही साध्या गोष्टी त्यांना विचारता येतात. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्या कामांवर माहितीफलक, कामाच्या जागी प्रयोगशाळा, त्रिस्तरीय गुणवत्ता तपासणी आणि ठेकेदाराकडून ५ वर्षे देखभाल यांची तरतूद आहे. डांबर टाकण्यापूर्वी धूळ झाडली काय, मिश्रणाचे तापमान तापमापकाने मोजले काय, मोकळ्या प्रतीच्या कार्पेटवर सील कोट दिला काय, थर पुरेसा निवण्यापूर्वी वाहने सोडली नाहीत ना, साइडपट्टी व गटार यांतून पाण्याला वाट आहे ना, हे प्रश्न कोणताही जागरूक सदस्य विचारू शकतो. मात्र ते कामगाराला दरडावण्यासाठी नव्हेत. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याने ते अभिमानाने द्यावे आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ते शिकण्याची संधी मिळावी, हा त्यामागील उद्देश असावा.

रस्त्यावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने त्या रस्त्यावर राबणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा खर्च अत्यंत अल्प आहे. तो करण्यास विलंब झाला, तर त्याची भरपाई दर पावसाळ्यानंतर खड्डे बुजविण्यासाठी गावालाच करावी लागेल.