येलदरीचं पाणी : मासे, भोई आणि रविवारची गर्दी

(जिंतूर इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आज येलदरीबद्दल बोलू. इथे बसलेले जवळपास सगळेच तिथे जाऊन आलेले असणार. धरण भरलं, दरवाजे उघडले अशी बातमी आली की जिंतूर, परभणी, सेलूहून गाड्या निघतात. भिंतीजवळ फोटो, खाली पाण्यात पाय, आणि मग गरमागरम तळलेला मासा. यात वाईट काही नाही. उन्हाळाभर टँकरकडे बघणाऱ्या माणसाला एवढं पाणी बघून आनंद होणारच. पण आपण ज्या पाण्यावर एक दिवस घालवतो, त्यावर काही घरांचं वर्ष चालतं. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे आज समजून घ्यायचंय.

आधी धरण समजून घेऊ. येलदरी पूर्णा नदीवर आहे, आणि पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. धरणाचा एकूण साठा सुमारे 934 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 33 टीएमसी. त्यातला 810 च्या आसपास उपयुक्त साठा. उरलेला सव्वाशे मृतसाठा, म्हणजे जो नेहमीच्या दारांतून बाहेर काढता येत नाही. पायथ्याला 22.5 मेगावॅटचं वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं, आणि शेतीचे कालवे सिद्धेश्वरवरून निघतात. 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून एक काठ परभणीचा आणि पलीकडचा हिंगोलीचा. पाणी मात्र एकच.

आता मासे. आपण ताटात घेतो ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ. हे तिघं मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, आपल्याकडे आणून सोडलेले. तिघं एकत्र का सोडतात? तीन मजल्यांचं घर समजा. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. एकमेकांच्या घासाला हात लावत नाहीत. शिवाय आपले जुने गावचे मासे आहेतच : मरळ, वाम, शिवडा, शिंगाळा.

मुद्दा असा, की कटला-रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. पूर्वी नदी मोकळी होती. आता वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा आहे, खाली सिद्धेश्वर. वरच्या पट्ट्यात पूर आला तर थोडीफार पैदास होऊ शकते, पण तिच्यावर विसंबून धंदा होत नाही. म्हणून बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. हे बीज मिळतं कुठून? 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. त्याआधी नदीत जाऊन बीज गोळा करावं लागे, आणि त्यात कुठल्या जातीचं काय येईल याचा भरवसा नसे. आज 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे, तो याचसाठी.

बीजाचे आकार लक्षात ठेवा. सगळ्यात बारीक ते मत्स्यजिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली. मोठ्या जलाशयात जिरे सोडणं म्हणजे मरळ आणि शिवड्याला फराळ घालणं. दहा सेंटिमीटरच्या आसपासची बोटुकली सोडली तर ती जगण्याची शक्यता बरी. पण बोटुकली महाग, वाहतूक अवघड. मग खर्च वाचवायला लहान बीज पडतं आणि पुढे दोन वर्षांनी आपण म्हणतो, मासा का नाही?

मोठ्या जलाशयांचं एक दुखणंही आहे. 1990 च्या दशकात देशभराची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा लहान जलाशयांत हेक्टरी सरासरी 50 किलो मासा निघत होता आणि पाच हजार हेक्टरांहून मोठ्या जलाशयांत जेमतेम 11 किलो. म्हणजे पाणी अफाट दिसलं म्हणून मासा अफाट असतो असं नाही.

आता मराठवाड्याची गोष्ट. 2016 च्या उन्हाळ्यात इथली बहुतेक मोठी धरणं मृतसाठ्यावर आली होती. पाणी आटतं तसे मासे उरलेल्या डोहात गोळा होतात. जाळं टाकलं की भरतं. बघणाऱ्याला वाटतं, काय मासा निघतोय! पण ते तुमचं भांडवल निघत असतं. मोठे, अंडी धरलेले मासे तेव्हा संपतात. पुढे पाऊस झाला, धरण भरलं, तरी मासा लगेच येत नाही. पाणी एका रात्रीत चढतं, पण माशाला किलोभर व्हायला खाद्य चांगलं मिळालं तरी वर्षभर लागतं.

आणि इथेच आपली रविवारची गर्दी येते. धरण भरतं ऑगस्ट-सप्टेंबरात. बीजही त्याच सुमारास सोडतात. आणि माशाची मागणीही तेव्हाच सगळ्यात जास्त, कारण आपण सगळे तेव्हाच जातो. मोठा मासा अजून तयार नाही, गिऱ्हाईक दारात उभं, मग बारीक आसाची तंगूस जाळी पाण्यात पडते. आस म्हणजे जाळ्याचं भोक. समजा, शंभर ग्रॅमचे दहा मासे तुम्ही आज तळून खाल्ले. वर्षभर थांबला असतात, तर त्यातले निम्मे जगले तरी पाच किलो मासा झाला असता. हा तोटा ठेकेदाराला होतो, संस्थेला होतो, आणि शेवटी रोज पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाणाऱ्या भोयाला होतो.

थोडं जिवाबद्दलही बोलतो. विद्यार्थी असताना मी एकदा काठाने पाण्याकडे चाललो होतो. वरून माती वाळलेली, भेगा पडलेल्या. चार पावलं गेलो आणि मांडीपर्यंत आत. जेवढी धडपड करावी तेवढा खाली. एक म्हातारे मासेमार लांबून ओरडले, "ए पोरा, उभं राहू नको, आडवा हो!" आडवा झालो, त्यांनी दोर टाकला, तसा निघालो. आपली काळी माती अशी आहे. वरून पापुद्रा, आत लोणी. त्यात बुडीत क्षेत्रातल्या जुन्या विहिरी पाण्याखाली असतात. कमरेएवढ्या पाण्यातून पुढचं पाऊल थेट विहिरीत पडू शकतं.

दुसरं, भिंतीच्या खालच्या बाजूला नदीत उतरणं. ऊन पडलंय, पाऊस नाही, म्हणून पाणी वाढणार नाही असं समजू नका. वीजघर सुरू झालं किंवा वरून खडकपूर्णाचं पाणी आलं म्हणून दरवाजे उचलले, की कोरड्या दिवशीही पात्र भरतं. भोंगा वाजला तर चपला शोधत बसू नका.

मग करायचं काय? जायचं जरूर. पण मासा घेताना लहान मासा नको म्हणा, हे गिऱ्हाइकानं म्हटलं तर जाळ्याचा आस आपोआप मोठा होईल. बाटल्या काठावर फोडू नका. तिथे लोक अनवाणी जाळी ओढतात.

प्रश्न : सर, आम्ही गळ टाकून मासे धरतो. त्यानेही नुकसान होतं का?

हौसेच्या गळाने फारसं होत नाही. मात्र पाण्यातल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो, म्हणून आधी तिथल्या संस्थेला विचारा. लहान मासा लागला तर ओल्या हाताने सोडवून परत टाका. आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे धरू नका, त्यांच्या पोटात पुढची पिढी असते.

प्रश्न : काही लोक सुरुंगाची दारू टाकून मासे मारतात. त्याला कायदा नाही का?

आहे, आणि जुना आहे. 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं गुन्हा आहे. स्फोटाने मेलेले बरेच मासे तळाला जाऊन कुजतात, हाती थोडेच लागतात. बारीक पिल्लं तर सगळीच जातात. आणि विसरू नका, परभणी-जिंतूरच्या नळाला येणारं पाणी याच धरणातलं आहे. असं कुणी करताना दिसलं तर ते भोयांचं भांडण समजून गप्प बसू नका.