बिलातली कोळशाची ओळ

२०२२ च्या पावसाळ्यात शेवगावकडच्या एका वस्तीवर कपाशीची कीड बघायला गेलो होतो. चहा होईस्तोवर घरच्या आजींनी वीजबिल पुढे केले. "साहेब, दिवे तेवढेच, पंखा तोच. मग बिल का फुगलं?"

उत्तर बिलातच होते. 'इंधन समायोजन आकार' ही ओळ आपण सहसा वाचत नाही, खालचा आकडाच बघतो.

आपली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. शेजारच्या जिल्ह्यांतली एकलहरे आणि परळी ही केंद्रे आपण पाहिलेलीच आहेत. ठरलेल्या दरात कोळशाचा जो खर्च धरलेला असतो, त्यापेक्षा तो वाढला की फरक या ओळीतून वसूल होतो. त्या वर्षी युक्रेनच्या युद्धाने परदेशी कोळसा भडकला, आणि नेमका तोच १० टक्के मिसळा असे केंद्राने वीजकेंद्रांना सांगितले. मग पहिल्या १०० युनिटांचा हा आकार १० पैशांवरून ६५ पैसे झाला, पुढच्या २०० युनिटांचा २० पैशांवरून १ रुपया ४५ पैसे. म्हणजे २०० युनिट जाळणाऱ्या घराला ३० रुपयांऐवजी २१० रुपये! वर १६ टक्के वीज शुल्क वेगळेच.

धुराचाही भार असतो बरं का. कोळशावर २०१० साली टनाला ५० रुपये उपकर बसला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. एका युनिटाला साधारण पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो, तेव्हा हिशेब युनिटामागे २५ ते ३० पैशांवर जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ टक्के झाला. स्वस्त कोळशाला हा बदल फायद्याचाच आहे.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज एप्रिल २०२४ पासून मोफत आहे, पण घरचे मीटर त्यात नाही. पिठाची गिरणी, दुधाचे शीतकरण, वेल्डिंगवाला, सगळ्यांची बिले याच कोळशाला बांधलेली. दळणाचा दर वाढतो तो असा.

ग्रामसेवक भाऊसाहेब, पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीच्या बिलांतही ही ओळ असते. अंदाजपत्रक करताना गेल्या वर्षीचा आकडा तसाच उतरवू नका, बारा महिन्यांची बिले काढून हा आकार वेगळा मांडा. कोळसा उतरला तर तो कमीही होतो, कधी उणेसुद्धा येतो.

आजींना मी तिथेच कागदावर हिशेब करून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजे चूल आमची, अन् कोळसा बी आमच्याच माथी."