लायसन्स आहे म्हणून पिस्तूल घेऊन प्रदर्शनाला जाता येतं का? नियम काय सांगतो, समजून घ्या

जानेवारीचा पहिला आठवडा आला की राज्यभर पोलिसांचा रेझिंग डे सप्ताह सुरू होतो. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला, तो हा दिवस. या आठवड्यात नवी मुंबईसह राज्यात ठिकठिकाणी शाळांमध्ये, मैदानांवर, मॉलमध्ये शस्त्रांची प्रदर्शनं भरतात. टेबलावर चादर, चादरीवर ओळीने मांडलेल्या रायफली आणि पिस्तुलं, पलीकडे माहिती सांगणारे हवालदार आणि अलीकडे मोबाइल काढून उभी असलेली गर्दी. संध्याकाळपर्यंत हे फोटो आपल्या सगळ्यांच्या फीडमध्ये येतात.

त्या फोटोंखाली हमखास एक प्रश्न असतो. 'माझ्या काकांकडे लायसन्सवालं पिस्तूल आहे, ते घेऊन गेलं तर चालेल का?' कुणी म्हणतं चालेल, कुणी म्हणतं नाही चालणार. उत्तर मात्र कायद्यात स्पष्ट आहे, आणि बऱ्याच परवानाधारकांच्या स्वतःच्या परवान्यावरच छापलेलं आहे.

भारतात 'गन शो' होतात का?

अमेरिकेत होतात तसे नाही. तिथे शनिवार-रविवारी एखाद्या मोठ्या हॉलमध्ये शेकडो टेबलं लागतात, लोक बंदुका बघतात, हाताळतात आणि विकतही घेतात. स्वतःची जुनी बंदूक विकायला घेऊन येणारेही असतात.

आपल्याकडे बंदूक बघायची संधी मिळते ती सरकारी किंवा संरक्षण क्षेत्राच्या प्रदर्शनात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याजवळ मोशीला महाराष्ट्र एमएसएमई डिफेन्स एक्स्पो झाला. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात पहिल्यांदाच आर्मी डे परेड झाली, त्याआधी रेसकोर्सवर 'नो युवर आर्मी' मेळा भरला होता. इथे शस्त्रं बघायची असतात, विकत घ्यायची नसतात. सामान्य माणसाला बंदूक घ्यायची तर आधी परवाना, मग परवानाधारक विक्रेत्याचं दुकान, हाच नेहमीचा रस्ता.

परवाना कोण देतं आणि त्यात काय लिहिलेलं असतं?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि सध्याचे नियम २०१६ चे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. म्हणजे वाशी, नेरूळ, पनवेल, उरणचा माणूस नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात अर्ज करतो, तर पेण-अलिबागचा माणूस रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जदाराचं वय किमान २१ लागतं. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या सवलती आहेत.

२०१९ मध्ये कायद्यात बदल झाला. आधी एका माणसाला ३ बंदुका ठेवता यायच्या, आता २. परवान्याची मुदत ३ वर्षांची होती, ती ५ वर्षांची झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. परवान्यासोबत अटी असतात. त्यातली एक अट अशी आहे की जिल्हादंडाधिकाऱ्यांनी (आयुक्तालयात पोलीस आयुक्तांनी) खास परवानगी दिल्याशिवाय परवानाधारकाला आपलं शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर कुठल्याही सार्वजनिक मेळाव्यात किंवा शैक्षणिक संस्थेच्या आवारात नेता येणार नाही.

प्रदर्शन म्हणजे सार्वजनिक मेळावाच. ते शाळेच्या मैदानात असेल तर अट दुहेरी लागू. गणपतीची मिरवणूक, गावची जत्रा, कॉलेजचं गॅदरिंग हेसुद्धा त्यातच आलं. त्यामुळे काकांचं पिस्तूल कितीही कायदेशीर असलं तरी ते प्रदर्शनाला नेता येत नाही. ते घरीच राहणार.

परवान्याची अट मोडली तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल, पण त्यासोबत परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि परवानाधारकाला खरी धास्ती त्याचीच असते.

मग कंबरेला पिस्तूल लावून रस्त्यावर फिरता येतं का?

सिनेमात हिरो शर्ट वर करून कंबरेचं पिस्तूल दाखवतो. आपल्या नियमांत ते बसत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम ३२ सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत हवं, लांब नळीची बंदूक तिच्या कव्हरमध्ये हवी. शस्त्र पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि नेणाऱ्याचा त्यावर पूर्ण ताबा पाहिजे. डिकीत टाकून गाडी पार्किंगमध्ये सोडली, तर ताबा राहिला कुठे?

याच नियमात सार्वजनिक कार्यक्रमात, लग्नात शस्त्र परजायला आणि झाडायला मनाई आहे.

याशिवाय आणखी दोन गोष्टी परवानाधारकाने बघायला हव्यात. पहिली, परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे. तो त्यावर लिहिलेला असतो. ती हद्द ओलांडली की परवाना असून नसल्यासारखा. दुसरी, पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनांच्या काळात शस्त्रं बाळगून फिरण्यावर बंदी घातली जाते. नवी मुंबईत असे आदेश वर्षभरात अनेकदा निघतात. बातमीत 'जमावबंदी' हा शब्द ठळक असतो, शस्त्रबंदी खालच्या ओळीत असते, म्हणून लक्षात येत नाही.

निवडणूक आली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेशही निघतात. पण सरसकट सगळ्यांना नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर छाननी समिती प्रकरणं तपासते आणि कुणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवते.

हवेत गोळी झाडली, कुणाला लागली नाही. तरी गुन्हा?

हो. २०१९ च्या दुरुस्तीत यासाठी वेगळी तरतूद आली. लग्नात, वाढदिवसाला, धार्मिक ठिकाणी किंवा कुठल्याही समारंभात दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा पद्धतीने गोळी झाडली, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गोळी कुणाला लागायलाच हवी असं नाही. लागली, तर भारतीय न्याय संहितेची कलमं त्यावर आणखी.

'हवेत' म्हणजे कुठे, हा प्रश्नही विचारायला हवा. वर गेलेली गोळी खाली येतेच. वाशी-कोपरखैरणेसारख्या दाट वस्तीत ती कुणाच्या गॅलरीत, कुणाच्या टेरेसवर उतरेल हे झाडणाऱ्याला माहीत नसतं.

आणि व्हिडिओ जुना होत नाही. जुलै २०२४ मध्ये माजी प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या आईचा मुळशीतल्या शेतकऱ्यांसमोर पिस्तूल घेऊन उभ्या असलेला व्हिडिओ व्हायरल झाला. घटना आदल्या वर्षीची होती. व्हिडिओ बाहेर आल्यावर गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आणि परवान्याबद्दल पोलिसांनी नोटीसही काढली. बीडमध्येही हेच दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बंदुकीसोबतचे आणि हवेत गोळीबाराचे जुने-नवे व्हिडिओ चर्चेत आले, जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची झाडाझडती सुरू झाली आणि अनेक परवाने रद्द झाले.

मित्राचं पिस्तूल फक्त रीलपुरतं हातात घेतलं तर?

परवाना माणसाला मिळतो, घराला किंवा मित्रमंडळाला नाही. विनापरवाना बंदूक बाळगली तर २०१९ नंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षं कैद अशी शिक्षा आहे. मालकाच्या लेखी अधिकारपत्रावर शस्त्र दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला नेणं असे मोजके अपवाद आहेत. रील त्यात नाही.

दुसऱ्याचं शस्त्र हाती लागल्यावर काय होऊ शकतं, हे ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये दिसलं. माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने नंतर स्वतःलाही संपवलं. पोलिसांच्या माहितीनुसार पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. म्हणजे आपलं शस्त्र दुसऱ्याच्या हाती जाणार नाही, ही जबाबदारी परवान्यासोबतच येते.

एवढे कडक नियम कशाला? प्रदर्शनात काय होणार आहे?

याचं उत्तर अमेरिकेतल्या अनुभवात आहे. तिथल्या गन शोमध्ये साधारण पद्धत अशी असते की दारातच बंदूक तपासतात, रिकामी करतात आणि गोळी चढू नये म्हणून त्यात प्लॅस्टिकची पट्टी अडकवतात. तरीही १९ जानेवारी २०१३ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या राली शहरात एका गन शोच्या प्रवेशद्वारावर एक माणूस आपली शॉटगन तपासणीसाठी कव्हरमधून काढत होता. चेन उघडतानाच गोळी सुटली आणि ३ जण जखमी झाले. त्याच दिवशी ओहायो आणि इंडियाना राज्यांतल्या गन शोच्या ठिकाणीही चुकून गोळ्या सुटून माणसं जखमी झाली. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. चुकून गोळी सुटली, एवढंच.

त्याआधी ऑक्टोबर २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफिल्डला अशाच एका मेळाव्यात ८ वर्षांच्या मुलाला छोटी मशीनगन चालवायला दिली होती. झटक्याने नळी वर उलटली आणि त्याच्याच डोक्यात गोळी लागली. तो वाचला नाही. मोठी माणसं शेजारीच उभी होती.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. जुहूच्या घरी स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्वर ठेवताना ते निसटलं, गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. ऑपरेशन करून ती काढावी लागली. घर स्वतःचं, शस्त्र स्वतःचं, परवाना स्वतःचा. आता हाच प्रसंग गर्दीच्या हॉलमध्ये घडला असता तर, एवढा विचार करून बघा.

बंदूक समोर आली तर काय लक्षात ठेवायचं?

जगभरातले प्रशिक्षक शिकवतात ते चार नियम असे:

• प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा. 'रिकामी आहे रे' असं कुणी सांगितलं तरी.
• नळीचं तोंड कुणाकडेही वळवू नका. गंमत म्हणून नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही.
• झाडायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवू नका.
• नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय झाडू नका.

यात एक गैरसमज फार महागात पडतो. पिस्तुलाची मॅगझिन काढली की ते रिकामं झालं, असं अनेकांना वाटतं. पण एक गोळी आधीच चेंबरमध्ये गेलेली असू शकते आणि मॅगझिन बाहेर असली तरी अनेक पिस्तुलं ती झाडतात. त्यामुळे चेंबर उघडून, डोळ्यांनी बघून खात्री करणं हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम आहे. आपण हात न लावणं हे आपलं.

रेझिंग डेच्या प्रदर्शनाला जाताय?

जरूर जा, मुलांनाही न्या. शस्त्र कसं काम करतं, पोलीस ते कसं सांभाळतात हे बघण्यासारखं असतं. फक्त टेबलावरचं काहीही पोलिसांनी सांगितल्याशिवाय उचलू नका. हातात दिलंच, तर नळी जमिनीकडे किंवा ते सांगतील त्या दिशेला आणि बोट ट्रिगरपासून लांब. मुलगा फोटोसाठी बहिणीवर नेम धरत असेल, तर फोटो काढायच्या आधी त्याला थांबवा. घरी एअरगन असेल तीही सोबत नेऊ नका. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूल शक्ती या मर्यादेतल्या एअरगनला परवाना लागत नाही, पण गर्दीत लांबून ती खऱ्या बंदुकीसारखीच दिसते आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला तेवढंच दिसतं.

घरात कुणाकडे परवाना असेल तर आज एक काम करा. त्यांना परवाना काढायला सांगा आणि त्यावरच्या अटी, हद्द आणि मुदत एकदा सोबत बसून वाचा. मग शस्त्र कुठे ठेवलंय, किल्ली कुणाकडे आहे आणि घरातल्या मुलांना ती जागा माहीत आहे का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर जागा आजच बदला.