डोमेन नाव शिल्लक आहे का? – विचारण्याची रीत

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या विज्ञानप्रेमी मंडळींनी शाळांसाठी एक संकेतस्थळ काढायचे ठरवले. नाव काय ठेवावे यावर दोन बैठका झाल्या आणि शेवटी सर्वांना आवडेल असे नाव सापडले. ते आधी कोणी घेतले आहे का, हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. मी ब्राउझरमध्ये ते नाव टंकले. 'असे संकेतस्थळ सापडत नाही' असे उत्तर आले. मी निश्चिंत झालो, आणि प्रदर्शनाच्या ५०० पत्रकांवर ते नाव छापूनही टाकले. दहा दिवसांनी नोंदणीसाठी पैसे भरायला गेलो, तर नाव गेलेले! 'तुम्ही शोधलेत, ते कोणीतरी पाहिले आणि पळवले' असे सगळ्यांचे मत पडले. मलाही तसेच वाटले.

हे मत खरे होते का, याकडे नंतर वळू. त्याआधी, आपण नाव टंकतो तेव्हा घडते काय, हे पाहायला हवे.

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावे आली. सुरुवातीला सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि सगळे तिची नक्कल उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, ही व्यवस्था मांडली. तिच्यात यादी एका ठिकाणी नसते, ती वाटून दिलेली असते. समजा, आपण 'आमचीशाळा डॉट कॉम' असे टंकले. आपला संगणक हा प्रश्न सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. त्याला उत्तर ठाऊक नसेल तर तो मूळ सर्व्हरला विचारतो, 'डॉट कॉम कोणाकडे?' मग डॉट कॉमच्या सर्व्हरला विचारतो, 'आमचीशाळा कोणाकडे?' आणि शेवटी त्या नावाच्या स्वतःच्या सर्व्हरकडून पत्ता मिळवतो. पोस्टाचा शिपाई आधी तालुका, मग गाव, मग आळी विचारत जातो, तसेच हे.

या यादीत फक्त ज्या नावांना सर्व्हर जोडले आहेत तीच नावे असतात. एखाद्याने नाव नोंदवले, पैसे भरले, पण संकेतस्थळ उभारलेच नाही, तर डीएनएस 'असे नाव नाही' असेच सांगू शकते. सातबाऱ्यावर मालकाचे नाव आहे, पण जमिनीवर घर बांधलेले नाही, अशी ती स्थिती असते. घर दिसत नाही म्हणून जमीन बेवारस ठरत नाही. माझी चूक नेमकी इथे झाली होती. मी घर पाहिले, सातबारा पाहिलाच नाही.

हा सातबारा असतो रजिस्ट्रीकडे. डॉट कॉमची रजिस्ट्री व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. आपल्या डॉट इनची आणि देवनागरीतील डॉट भारतची जबाबदारी नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे. आपल्याला नावे विकणाऱ्या कंपन्या म्हणजे रजिस्ट्रार. त्या मधल्या दलालासारख्या असतात. रजिस्ट्रीची नोंद पाहण्यासाठी १९८२ पासून 'हूइज' नावाची पद्धत होती. तिच्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही उघड्या पोस्टकार्डासारखी जात. आता तिची जागा 'आरडॅप' या पद्धतीने घेतली आहे. नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनांसाठी हूइजची सक्ती २८ जानेवारी २०२५ रोजी संपवली. आरडॅपमध्ये प्रश्न सांकेतिक रूपात, म्हणजे बंद पाकिटातून जातो. नोंद नसेल तर उत्तर येते ४०४. एरवी हा आकडा दिसला की आपण हिरमुसतो, इथे मात्र तो शुभवार्ता असतो!

आता चोरीच्या संशयाकडे येऊ. हा संशय निराधार मुळीच नव्हता. पूर्वी डॉट कॉम नाव घेतल्यावर पाच दिवसांत परत केले तर पूर्ण पैसे परत मिळत. सवलत होती टंकताना चूक झालेल्यांसाठी. पण तिचा फायदा घेऊन काही जण लाखो नावे फुकटात 'चाखून' पाहत, जाहिरातींतून कमाई होते का ते बघत आणि उरलेली परत करत. अशा दिवसांत, ग्राहकाने शोधलेले नाव कोणी आधीच अडवून ठेवणे सहज शक्य होते. आयकॅनच्या सुरक्षाविषयक सल्लागार समितीने ऑक्टोबर २००७ मध्ये या प्रकाराबद्दल सावध करणारे टिपण काढले. जानेवारी २००८ मध्ये तर नेटवर्क सोल्यूशन्स या मोठ्या रजिस्ट्रारने आपल्या संकेतस्थळावर कोणी नाव शोधले की ते चार दिवस स्वतःच्या नावे अडवून ठेवायला सुरुवात केली. त्या काळात ते दुसऱ्या कोणाकडून घेता येत नसे. हे ग्राहकाच्या संरक्षणासाठीच, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयातही गेले.

यावरचा उपाय साधा होता. फुकट परतीवर मर्यादा घालणारा नियम १ एप्रिल २००९ पासून लागू झाला, आणि 'चाखणे' जवळजवळ संपले. आज डॉट कॉमच्या एका नावासाठी रजिस्ट्रारला रजिस्ट्रीकडे सुमारे दहा डॉलर भरावे लागतात. कोणीतरी शोधले एवढ्यावर प्रत्येक नाव घेत सुटणे आता परवडणारे नाही. पण एखादे चांगले, अर्थपूर्ण नाव असेल तर दहा डॉलर काहीच नव्हेत. म्हणून सावधगिरी हवीच.

ती अशी. नाव आधी कागदावर ठरवावे, दोन-तीन पर्यायांसह. अनोळखी 'मोफत तपासा' संकेतस्थळांवर ते टंकत बसू नये. ब्राउझरच्या पट्टीतही नको. कारण सूचना देण्याची सोय चालू असेल तर टंकलेली अक्षरे शोधसेवेच्या कंपनीकडे जात असतात. आयकॅनच्या स्वतःच्या शोधपानावर किंवा डॉट इनसाठी त्या रजिस्ट्रीच्या पानावर पाहावे. आयकॅनच्या पानावरचे उत्तर थेट रजिस्ट्रीकडून किंवा रजिस्ट्रारकडून येते. आणि मुख्य म्हणजे, पैसे भरण्याची तयारी करूनच तपासावे. नाव मोकळे दिसले की त्याच बैठकीत नोंदवून टाकावे. 'सोमवारी मुख्याध्यापकांना विचारून सांगतो' यात नावे जातात.

आणखी एक गोष्ट, जी मला चोरीपेक्षा महत्त्वाची वाटते. पुष्कळ शाळांचे नाव संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर नोंदलेले असते. तो फोन उचलेनासा झाला, नूतनीकरण राहिले, की नाव हातचे जाते. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सवलतीचे काही दिवस (जास्तीत जास्त ४५), मग सोडवून घेण्याचे ३० आणि शेवटचे ५ दिवस मिळतात. त्यानंतर कोणीही ते घेऊ शकतो. शाळेच्या जुन्या पत्त्यावर उद्या जुगाराची जाहिरात दिसली तर पालक शाळेलाच विचारणार. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावे आणि ई-मेल संस्थेचा असावा.

आमच्या नावाचे काय झाले? मी उशिराने का होईना, सातबारा पाहिला. नोंदीत निर्मितीची तारीख असते. ती तारीख आमच्या पहिल्या बैठकीच्याही सात महिने आधीची होती! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली म्हणावे, तर इथे फांदी आधीच तुटलेली होती. मंडळींना हे सांगताना मला बरेच ओशाळल्यासारखे झाले.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना याचा प्रयोग करून पाहता येईल. उच्चारता येतील पण अर्थ नसेल अशी, दहा-बारा अक्षरांची १०० नावे बनवा. चिठ्ठ्या टाकून ५० निवडा आणि ती एखाद्या रजिस्ट्रारच्या पानावर शोधा. उरलेली ५० कागदावरच ठेवा, ती कुठेही टंकू नका. महिन्याने सर्व १०० नावे आरडॅपवर पाहा. शाबूत ठेवलेली नावे आधी तपासण्याचा मोह आवरावा, कारण तपासणे हाच तर आपला प्रयोग आहे. ती आधीपासून कोणी घेतलेली होती का, हे निर्मितीच्या तारखेवरून शेवटी कळेलच. मात्र निरर्थक नाव कोणी पळवले नाही यावरून अर्थपूर्ण नावही सुरक्षित राहते, असे म्हणता येईल का? हा प्रश्न वर्गात आधी विचारावा आणि त्यानुसार नावांची यादी बदलायची का, ते मुलांनाच ठरवू द्यावे.