जुन्या कॅमेऱ्याची फोकसिंग स्क्रीन बदलताना

फिल्म एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसते ती आरशाच्या वर बसवलेल्या एका खरखरीत पडद्यावर पडलेली प्रतिमा. हीच फोकसिंग स्क्रीन. लेन्सच्या माउंटपासून फिल्मपर्यंत जेवढे अंतर, तेवढेच आरशावरून वळून या पडद्यापर्यंत असावे लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे. त्यात केसभर फरक पडला, तरी डोळ्यांना स्वच्छ दिसलेला चेहरा फिल्मवर पुसट उतरतो.

पहिला प्रश्न स्क्रीन बदलता येते का, हाच. १९५९च्या निकॉन एफमध्येही ही सोय होती, पण ती प्रत्येक कॅमेऱ्यात आली नाही. १९७६च्या कॅनन एई-१ची स्क्रीन घरी बदलता येत नाही. १९८१च्या एई-१ प्रोग्रामची येते. निकॉन एफएम आणि एफएम२ यांच्यातही हाच फरक. पेंटॅक्स के१००० घेणाऱ्याने तर हा विचार सोडूनच द्यावा किंवा मेकॅनिक गाठावा.

मग प्रकार. एफएम२सोबत आलेल्या के२ स्क्रीनच्या मध्यभागी स्प्लिट इमेज (फोकस चुकला की दोन भागांत तुटलेली दिसणारी प्रतिमा) आणि तिच्याभोवती मायक्रोप्रिझमचे कडे असते. उभ्या-आडव्या रेषा जुळवायला ती उत्तम. मात्र एफ ५.६ किंवा त्याहून मंद लेन्स लावली, की स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडतो. लांब पल्ल्याची मंद टेलिफोटो किंवा मॅक्रो लेन्स नेहमी वापरणाऱ्यांनी साधी मॅट बी२ घ्यावी. वाडे, देवळे, इमारती टिपणाऱ्यांना चौकटींच्या रेषा असलेली ई२ सोयीची. खांब कलला की लगेच कळते.

चकाकत्या, जास्त उजळ स्क्रीनचा मोह अनेकांना होतो. मिनोल्टाने १९७७च्या एक्सडी मालिकेत अॅक्यूट मॅट ही उजळ स्क्रीन आणून उजेडाचे गणितच बदलले. पुढे हॅसलब्लाडनेही ती घेतली. संध्याकाळी किंवा मंद लेन्सला तिचा फायदा निर्विवाद आहे. पण उजळ स्क्रीन उजेड कमी पसरवते, म्हणून एफ १.४च्या लेन्सचा खरा पुसटपणा तिच्यात पूर्ण दिसत नाही. फोकस जुळल्यासारखे वाटते, जुळलेले नसते. व्यक्तिचित्रे काढणाऱ्याने थोडी काळोखी पण खरखरीत मॅट पसंत करावी, हे स्पष्टच सांगायला हवे.

दुसरा धोका मीटरचा. एफएम२ आणि ऑलिंपस ओएम-१ यांचे मीटर स्क्रीनवरून आलेला उजेड व्ह्यूफाइंडरपाशी मोजतात. स्क्रीन उजळ झाली की मीटरला जास्त प्रकाश आहे असे वाटते आणि फिल्म कमी एक्सपोज होते. म्हणून बदलण्याआधी आणि नंतर एकाच भिंतीचे, एकाच उजेडातले रीडिंग घ्यावे. फरक तिसरा हिस्सा स्टॉप आला, तर ४०० आयएसओच्या फिल्मला डायल ३२०वर ठेवावी. ओएम-२ ऑटोवर असताना फिल्मवरूनच उजेड मोजतो, त्यामुळे तिथे ही अडचण नाही. कॅननच्या न्यू एफ-१मध्ये तर स्क्रीनच ठरवते, की मीटर सबंध चौकट मोजणार की फक्त मधला ठिपका.

बसवताना बोट लावू नये. प्लॅस्टिकवरचा ओरखडा आणि बोटाचा ठसा दोन्ही सहजी जात नाहीत. धूळ ब्लोअरने उडवावी, अल्कोहोल वापरू नये. आरशाजवळचा जुना फोम चिकट झाला असेल, तर आधी तोच बदलून घ्यावा. दुसऱ्या कॅमेऱ्याची स्क्रीन कापून बसवली असेल, तर जाडी तपासणे अपरिहार्य. कॅमेऱ्यातल्या, स्क्रीनची उंची जुळवणाऱ्या बारीक शिमपट्ट्या जागच्या जागी ठेवाव्यात.

शेवटी ५० मिमीची लेन्स अनंतावर टेकवून दूरच्या मनोऱ्याकडे पाहावे. स्क्रीनवर स्प्लिट असेल, तर त्यातल्या दोन्ही कडा एका रेषेत आल्या पाहिजेत. नंतर टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवून, लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून एक रोल काढावा. तो धुऊन येईपर्यंत लग्नकार्याचे काम या कॅमेऱ्यावर घेऊ नये.