दगडात देव कोण घालतो?

जामसंड्याच्या आमच्या वाडीत आजोबा एक आठवण सांगत. त्यांच्या लहानपणी जवळच्या एका देवळात कौल लावीत. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवी. उजवी पडली की देवाचा होकार, डावी पडली की नकार. आमची माणसे पायरीखाली लांब उभी राहून निकाल ऐकत. एकदा आजोबांनी आपल्या बापाला विचारले, "देव खंय आसा?" उत्तर आले, "गुरवाक इचार."

मला हे उत्तर अडाण्याचे वाटत नाही. देवत्व वस्तूत असते की माणसांच्या मानण्यात, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

आपल्या घरोघरचा गणपती पाहा. कारखान्यात ती शाडूची माती असते, प्राणप्रतिष्ठेनंतर देव होते आणि उत्तरपूजेनंतर पुन्हा माती. या काळात मातीचे वजन बदलत नाही, रंग बदलत नाही. बदलते ते माणसांचे वागणे. तेव्हा वजन किंवा कठीणपणा जसा वस्तूचा गुण आहे, तसा देवत्व हा वस्तूचा गुण नव्हे.

मग देव म्हणजे निव्वळ भ्रम काय? तसेही नाही. नोट हा कागदच; पण सर्वांनी मानली म्हणून तिच्यावर तांदूळ मिळतो. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने हिंदू मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानले. तिच्या नावे मिळकत असते, दावाही लावता येतो. मात्र तिच्या वतीने बोलायला माणूस लागतो! समाज देवाच्या रूपाने स्वतःचीच शक्ती पूजतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम याने १९१२ साली मांडले. पण आपला प्रश्न त्यापुढचा आहे : 'समाज' म्हणजे कोण? मानणारे कोण आणि मानायला लावलेले कोण?

२ मार्च १९३० रोजी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दारे बंद झाली ती आतून, माणसांच्या हातांनी. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. त्या वेळी सनातन्यांनी विठ्ठलाचे तेज मंत्राने घागरीत काढून घेतले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. ती नीट वाचावी. जो देव आमच्या स्पर्शाने मूर्तीतून निघून जातो, तो मूर्तीत नव्हताच. तो त्या मनाईत होता.

कोणी म्हणेल, चोखोबांचा अनुभव खोटा काय? अनुभव खरा. पण तहान खरी असली म्हणून मृगजळ पाणी होत नाही. आणि ज्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे, त्याच्या आत त्यांच्या माणसांना शतकानुशतके जाता आले नाही, हेही तितकेच खरे.

जे संमतीने उभे राहते, ते संमती काढून घेतली की कोसळते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञांनी लाखो लोकांनी ही संमती काढून घेतली. देव नाही हे सिद्ध करण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

मात्र हीच कसोटी आपल्यालाही लावावी लागेल. "बाबासाहेब आमचे देव" असे विहारात ऐकतो, तेव्हा मला धास्ती वाटते. देव झाला की त्याच्या पायरीशी गुरव येतो. आणि मग आपल्याच पोराने काही विचारले, तर आपणही म्हणू, "गुरवाक इचार."