न बोलावता आलेला मदतनीस

आपल्या खान्देशात दुकान थाटणे हे सोपे काम नाही. कुणी आईचे दागिने मोडतो, कुणी महात्मा फुले महामंडळाच्या कर्जासाठी महिनोन्‌महिने खेपा घालतो. तेव्हा कुठे जळगावात किंवा धुळ्यात एक झेरॉक्स मशीन, एक संगणक आणि दोन खुर्च्या एवढे भांडवल उभे राहते. असे दुकान अर्ध्या तासात कसे लुटले जाते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

जळगावातील आमच्या परिचयाच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानातली ही गोष्ट. मालक दुपारी जेवायला गेले होते. कामावरची मुलगी कुणाचा तरी परीक्षेचा अर्ज भरत होती. चुकून एका जाहिरातीवर क्लिक झाले आणि सारा स्क्रीन लाल झाला, भोंगा वाजू लागला. ‘संगणकात व्हायरस शिरला आहे. बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ खाली मोठ्या कंपनीचे चिन्हही होते. मुलगी घाबरली. मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून तिने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलला, ‘घबराइए मत’ म्हणाला आणि एक अॅप उतरवायला लावून त्यातला नंबर विचारून घेतला. बँकेचे पान उघडेच होते. तो ‘दुरुस्ती’ करीत असताना दुकानाचे अठ्ठेचाळीस हजार गेले.

खरी हानी पुढे झाली. मालक रागावतील, पगारातून कापतील, या भीतीने ती रात्रीपर्यंत बोललीच नाही. आम्ही त्यांच्याबरोबर पोलिसांकडे गेलो तेव्हा पैसे खात्याखात्यांतून पुढे निघून गेले होते. ते आजही परत आलेले नाहीत.

तो लाल स्क्रीन म्हणजे व्हायरस नव्हे, नुसते एक वेब पान असते. ते संपूर्ण स्क्रीन व्यापते, म्हणून संगणक अडकल्यासारखा वाटतो. मायक्रोसॉफ्ट आपल्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर देत नाही आणि आपण न बोलावता फोनही करीत नाही. एनीडेस्कसारखे अॅप मुळात वाईट नाही, पण त्याचा नंबर परक्याला देणे म्हणजे गल्ल्याची किल्ली देणे होय. रिझर्व्ह बँकेने याबाबत २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

हे लोक कुठेतरी दूर बसतात असेही समजू नये. २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले. तेथे पगारावर ठेवलेली तरुण मुले अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करीत होती. २०२५ च्या सप्टेंबरात तर जळगाव पोलिसांनी ममुराबाद परिसरातील एका फार्महाऊसवर छापा घातला. तेथील बनावट कॉल सेंटरमधून परदेशी नागरिकांना फसवले जात होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याची बतावणी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग दुकानदाराने काय करावे? आपला संगणक कोण दुरुस्त करतो, त्याचे नाव व नंबर भिंतीवर लिहून ठेवावा. बिघाड झाला की त्यालाच बोलवावे. प्रिंटरचा किंवा बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. तो बिलावरून, वॉरंटी कार्डावरून, पासबुकावरून घ्यावा. लाल स्क्रीन आलाच तर एस्केपचे बटण दाबून धरावे; नाही हटला तर संगणक सरळ बंद करावा. गिऱ्हाइकांच्या कामाचा संगणक आणि बँकेचा व्यवहार वेगळा ठेवावा. खात्यातून दिवसाला किती रक्कम जाऊ शकते, याची मर्यादा बँकेकडून कमी करून घ्यावी. हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती घरी ठेवावी.

आणि फसलोच तर? प्रथम इंटरनेट तोडावे आणि लगेच १९३० हा नंबर फिरवावा. तक्रार लवकर गेली तर पैसे वाटेतल्या खात्यात गोठवता येतात. त्याच वेळी बँकेला कळवून खाते थांबवावे. पासवर्ड बदलावेत, पण दुसऱ्या संगणकावरून. तो संगणक माहितगाराकडून साफ करून घेतल्याशिवाय वापरू नये.

शेवटची गोष्ट मालकांसाठी. आम्ही स्वतः कारकून आहोत. चूक झाली की साहेबांच्या केबिनचे दार किती जड होते, ते आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आजच आपल्या दुकानातल्या मुलामुलींना जवळ बसवून सांगा: ‘बेटा, चूक झाली तर आधी मला फोन कर. मी रागावणार नाही, पगारही कापणार नाही.’ त्या मुलीला हे वाक्य आधी कुणी सांगितले असते, तर दुपारचा फोन दुपारीच गेला असता. चोराचे निम्मे काम आपली भीती करते. ती भीती दुकानातून काढून टाकायला एक पैसाही लागत नाही.